चाकांपुढची लिंबं

ज्या गाडीत मी एकदाही बसलो नाही तिच्याविषयी लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातल्या कुणाचं काम नव्हतं. कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि तिथंही वाणिज्य शिकलो. पण अजून दर रविवारी सकाळी, कुणी न विचारता, माझा फोन त्या गाडीचा भाव दाखवतो. मी तो बघतो, आणि मग दिवसभर काकी डोळ्यांसमोरून हलत नाहीत. म्हणून लिहितोय.

काकी म्हणजे कोल्हापुरातल्या ज्या बंगल्यात माझी आई स्वयंपाक करते, तिथल्या मालकीणबाई. मालकांची फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. त्यांनी एक परदेशी गाडी घेतली होती. कंपनीनं जगभरासाठी मोजक्याच बनवल्या होत्या आणि पुन्हा बनवणार नाही असं सांगून टाकलं होतं. मालकांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून रविवारी मी जायचो आणि तसल्या गाड्या बाहेरच्या देशांत कितीला विकल्या गेल्या ते वाचून दाखवायचो.

सुरुवातीला भाव मूळ किमतीच्या वर गेला, कारण ज्यांना मिळाली नव्हती ते मागेल ते द्यायला तयार होते. मग नफ्यासाठी घेतलेल्यांनी एकदम विकायला काढल्या आणि भाव उतरला. त्यानंतर बाजारानं दोन गट केले, चालवलेल्या आणि न चालवलेल्या. न चालवलेलीला हळूहळू मोल यायला लागलं. तेव्हापासून मालकांनी ती गॅरेजमधून हलवली नाही. रविवारी तेवढं इंजिन जागेवर चालू करायचे. स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची आणि काकी म्हणायच्या, "उठला बघ म्हसोबा."

काकींचं माहेर गारगोटी. त्या गाडीतून त्यांना एकदा माहेरी जायचं होतं. एकदाच.

"बाजारपेठेतनं न्यायची," त्या मला सांगायच्या. "भावजय दारात उभी पायजे. मला ह्या घरात दिली तवा म्हणालती, फौंड्रीवाला हाय, जन्मभर काळी कापडं धुत बसशील."

मालक हसायचे. "गारगोटीला जाऊन यायचं म्हंजे मीटर किती पळंल! मग कोण घेणार?"

"घ्यायला कोण आलाय? मी हाय की बसायला!"

खंडेनवमीला सगळ्या गाड्यांची पूजा व्हायची. चाकांपुढं लिंबं ठेवायची आणि गाडी पुढं घेऊन ती फोडायची. फौंड्रीचा टेम्पो, मालकांची रोजची गाडी, माझी सायकलसुद्धा लिंबावरून जायची. ही मात्र हार घालून जागेवरच. आई लिंबं उचलायला गेली तर काकी म्हणाल्या, "ऱ्हाऊ देत. जाईल तवा फुटतील." ती तिथंच वाळली.

पुढच्या वर्षी भाव बरेच महिने जागचा हलला नाही. मालकांनाही कंटाळा आला होता. एक दिवस ते म्हणाले, "जाऊ दे. ह्या दसऱ्याला जाऊ गारगोटीला." काकींनी लगेच भावजयीला फोन लावला. गाडीचा शब्दसुद्धा काढला नाही. "सोनं द्यायला येतोय, रांगोळी मोठी काढ," एवढंच बोलल्या आणि फोन ठेवून एकट्याच हसत बसल्या.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी फोन उघडला. परदेशात कुठंतरी त्यातली एक गाडी जळाली होती. आता उरलेल्यांची किंमत वाढणार, असं खाली लिहिलं होतं. जसं होतं तसं मी वाचलं.

मालक खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "एक कमी झाली."

काकी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "आतला माणूस?"

मी पुन्हा वाचलं. "न्हाय लिहिलेलं, काकी."

"नीट बघ की. कुणीतरी चालवत असणारच."

मी खाली-वर करत राहिलो. मालक म्हणाले, "गारगोटीचं पुढच्या वर्षी बघू." काकींनी कप ठेवला आणि आत गेल्या. गारगोटीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी दिसलो की विचारायच्या, "कळलं का रे, त्या माणसाचं?" मी शोधायचो. भावाचं सगळीकडं होतं, त्याचं कुठंच नव्हतं.

त्याच थंडीत काकी गेल्या. ताप आला, छातीत उतरला, आणि गेल्या.

मालक त्यानंतरही मला बोलवायचे आणि मी वाचायचो. भाव चढत होता. इंजिन चालू झालं की भांडी थरथरायची, आणि कुणीतरी काहीतरी म्हणेल अशी वाट बघत आम्ही दोघंही दाराकडं बघायचो. मग मालक इंजिन बंद करायचे.

मी पुढं शिकायला पुण्याला गेलो, तेव्हा गाडी विकली गेली. आईनं फोनवर सांगितलं. बंद ट्रक आला होता. टायरला डाग पडेल म्हणून ट्रकवाल्यांनी आईला चाकांपुढची लिंबं उचलायला लावली. वाळून काळी, दगडासारखी झाली होती. "टाकवली न्हाईत," आई म्हणाली. "डब्यात ठेवल्यात." मालक स्वतः ट्रकात बसून गेले होते. मला वाटलं, गिऱ्हाइकाकडं पोचवायला गेले असतील.

परवा सुट्टीला घरी आलो. भाकरी थापता थापता आईनं विषय काढला. काकींचा भाऊ येऊन गेला होता, त्याच्याकडून तिला कळलं. ट्रक आधी गारगोटीला गेला होता. बाजारपेठेतून हळूहळू नेला आणि काकींच्या माहेरच्या दारात उभा केला. मालक खाली उतरले. "तिला आणायची हुती हितं," एवढंच म्हणाले, चहासुद्धा घेतला नाही.

"भावजयीनं ट्रकाच्या बंद दारालाच हळद-कुंकू लावलं म्हणं," आई म्हणाली.

"दार उघडलं नाही?"

आईनं भाकरी उलटली.

"न्हाई. धूळ बसंल म्हणाले मालक."