गिरणीचा बार आणि गौतमचे हात

संगीता वहिनींचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या शाळेत नववीच्या वर्गावर होतो. वर्गात फोन घ्यायचा नाही हा माझा स्वतःचाच नियम, पण त्या दिवसांत तो मी गुंडाळून ठेवला होता. "भाऊजी... गेले ओ हे," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढं फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. गौतम जाणार हे आम्हाला कधीचंच ठाऊक होतं. त्याला नसांचा असा आजार झाला होता, की आधी हातातली ताकद जाते, मग पायांतली, मग गळ्यातली, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. त्यामुळे धक्का वगैरे काही बसला नाही. मी खडू ठेवला, पोरांना वाचत बसा म्हणालो आणि गावाकडं जाणारी गाडी धरली.

नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत गौतमचं दोन खोल्यांचं घर, आणि त्याला लागून त्यानं स्वतः उभी केलेली पत्र्याची खोली. तिला तो 'जिम' म्हणायचा, वहिनी 'पत्रा' म्हणायच्या. शेवटचे महिने त्याची खाट त्याच खोलीत होती, त्याच्याच हट्टानं, आणि खाटेच्या पुढ्यात दोन लोखंडी घोड्यांवर त्याचा वजनं उचलायचा बार आडवा ठेवलेला असायचा. आम्ही त्याला बाहेर न्यायला उठलो तेव्हा तो बार वाटेत आला. लिंबागणेशहून आलेला कुणी पाहुणा होता, काडीसारखा माणूस, एका हातात मोबाइल. त्यानं दुसऱ्या हातानं तो बार मधोमध धरून सहज उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या बिचाऱ्याची काय चूक? वीस किलोचं लोखंड, कुणीही उचलेल. पण त्या बारापायी गौतमनं आयुष्याची किती वर्षं घातली, आणि शेवटी तो त्याच्याकडून जागचा हललासुद्धा नाही, हे त्याला कुठं माहीत होतं.

आमच्या तरुणपणी गावाजवळ सहकारी सूतगिरणी होती. आमच्या वस्तीतल्या बऱ्याच जणांच्या घरात तिच्यामुळं पहिल्यांदा महिन्याचा पगार आला. गौतमचे वडील तिथं, पुढं गौतमही तिथंच लागला. गिरणीच्या आवारात कामगारांसाठी व्यायामशाळा होती. बाराच्या टोकांना चढवायच्या प्लेटा विकत आणलेल्या, त्यांच्यावर वजनं कोरलेली. बार मात्र घरचा. धोंडीमामा नावाचे फिटर होते, पैलवानकी केलेले आणि आम्हा पोरांचे उस्ताद. त्यांनी मशीनचा एक निकामी शाफ्ट लेथवर चढवून, मधे पकडीपुरता तासून बारीक करून तो बार केला होता. "ह्यो वीसचा," मामांनी सांगितलं आणि तो वीसचा झाला. बाहेर गेटवर गिरणीचा काटा होता. कापूस घेऊन येणारा प्रत्येक शेतकरी त्या काट्यावर संशय घ्यायचा, कापसाचे बोजे दोन-दोनदा चढवायला लावायचा, भांडणं व्हायची. बार नेऊन त्यावर ठेवावा असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मामांच्या शब्दाला काटा लावायचा, हे आमच्यात बसणारं नव्हतं.

मी त्या आखाड्यात हौशी होतो, गौतम खरा. उंचीनं बेताचा, मनगटं जाड, आणि बारापुढं उभा राहिला की जरा वेळ डोळे मिटायचा. मग बार छातीवर यायचा, क्षणभर थांबायचा आणि डोक्यावर जायचा... सूत खात्यातली माणसं पाळी सुटल्यावर घरी न जाता त्याला बघायला उभी राहायची. जिल्ह्याला तो पहिला आला. विभागाला मी त्याच्यासोबत गेलो होतो. वेटलिफ्टिंगमध्ये किती वजन उचलणार ते आधी सांगावं लागतं, आणि तीनच संधी मिळतात. तिन्ही चुकल्या तर सगळं शून्य. मामांची शिकवण अशी, की गिरणीत जेवढं पेललंय तेवढ्यापासून सुरू करायचं आणि हळू चढायचं. गौतमनं तसंच केलं. तिन्ही उचली त्यानं अशा केल्या की जणू नुसताच दांडा उचलतोय. आणि पाच किलोंनी दुसरा आला. पहिला आला असता तर राज्याच्या स्पर्धेला गेला असता, आणि राज्याच्या पदकावर पोलीस खात्यात खेळाडूंच्या जागा असतात, त्यासाठी तर सगळी धडपड होती. परत येताना एसटीत तो सारखा तळहात बघत होता. "हातात शिल्लक हुतं बे अजून," म्हणाला. "लई शिल्लक हुतं. लोक आरडायला लागले की अंगात येतंय वाटतं."

मग ते दुष्काळ आले. एकामागून एक आले, म्हणून आमच्याकडं लोक आता त्यांना वेगवेगळं आठवतसुद्धा नाहीत. कापूस आला नाही, आणि सुताला हवेत ओल लागते, नाहीतर धागा तुटतो, त्या ओलीपुरतंही पाणी गिरणीला मिळेना. खात्यात दिवसभर धागे जोडत बसायचं, असं गौतम सांगायचा. एक दिवस गिरणी बंद झाली ती झालीच. सगळ्या इमारतींना सील लागलं, व्यायामशाळेलाही, आणि बार आत अडकला. गौतम पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला. ज्या माणसाला लोक वजन उचलताना बघायला थांबायचे, त्याची वाट आता लोक घागरी घेऊन बघत होते. तो हसून म्हणायचा, "मास्तर, माझी पब्लिक काय कमी झाली न्हाई."

पण बाराशिवाय त्याचं काही खरं नव्हतं. मी उगाच बोलत नाही, त्याच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. आधी त्यानं आटलेल्या बोअरचा पाईप घेतला, तेलाच्या डब्यांत सिमेंट ओतून दोन टोकांना बसवलं. पाईप महिन्याभरात धनुष्यासारखा वाकला. मग सरळ नवा बार घ्यायचं ठरलं, आणि तिथून आमच्या बीडच्या वाऱ्या सुरू झाल्या. रविवारी मी वडवणीहून यायचो, तो गावाहून, आणि आम्ही खेळाच्या सामानाच्या दुकानांत हिंडायचो. तो बार उचलायचा, डोळे मिटायचा आणि खाली ठेवायचा. "ह्यो वीसचा न्हाई." दुकानदार शपथा घ्यायचा. "अवो, मी वीसच्या बारावर वाढलोय, मला शिकवू नका. ह्यो पंधरा भरंल." एका दुकानदारानं तर काटा आणून पुढ्यात ठेवला, बरोबर वीस दाखवला. गौतम त्या काट्याकडं बघून म्हणाला, "काटाबी तुमचाच हाय." मी त्याला ओढत बाहेर काढला. आंबेजोगाई झाली, संभाजीनगर झालं. सगळीकडं तेच. चिकित्सक नवरीसाठी स्थळं बघत हिंडावं तसं आमचं चाललं होतं, आणि मी त्याला त्यावरून लई छळायचो. "सगळा महाराष्ट्र खोटा आणि तू एकटा खरा, कावून बे?" तो चिडायचा नाही. "एक तरी खरा भेटंल की," म्हणायचा.

आणि एका रविवारी भेटला. त्याच बीडमध्ये, ज्याच्याकडं आधी भांडून आलो होतो त्याच दुकानदाराकडं. गौतमनं कोपऱ्यातला एक बार उचलला, डोळे मिटले आणि उघडले तेव्हा त्याचा चेहरा जिल्ह्याला पहिला आल्यानंतर मी पहिल्यांदाच इतका फुललेला बघितला. "हाच बे! हाच. गिरणीचा बार हाय ह्यो... वजन बघ की याला!" मी उचलून पाहिला, मला आधीच्या बारांसारखाच वाटला, पण इतक्या आनंदात माती कोण कालवणार? आम्ही तो एसटीच्या मधल्या वाटेत आडवा टाकून आणला. कंडक्टर म्हणाला, ह्याचं तिकीट काढा. गौतम म्हणाला, "काढा, फुल काढा. मानूस हाय त्यो." त्या संध्याकाळी त्यानं वस्तीत पेढे वाटले. संगीता वहिनी कपाळाला हात लावून हसत होत्या. त्या घरात मी पाहिलेला तो शेवटचा आनंदाचा दिवस.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा बाराबरोबर घेतलेल्या प्लेटांपैकी तो कमीच चढवत होता. मग आणखी कमी. "सराव न्हाई राहिला," म्हणायचा. मग एकदा टँकरचा व्हॉल्व्ह त्याला फिरवता येईना. घागरी लावून उभ्या असलेल्या बायका आधी हसल्या, मग एकीनं पुढं होऊन तो फिरवून दिला. हे वहिनींनी मला सांगितलं, त्यानं नाही. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात आजाराचं नाव कळलं, आणि यावर औषध नाही हेही तिथंच कळलं. डॉक्टर भले होते, समजावून सांगत होते, की ही सुरुवात दोनेक वर्षांपासूनची असावी, रोग्याला लवकर कळत नाही, वस्तू जड झाल्यासारख्या वाटतात इतकंच... मी ते ऐकलं होतं. त्यावेळी माझ्या डोक्यात काही जुळलं नाही.

ते जुळलं गिरणीच्या लिलावात. यंत्रं केव्हाच गेली होती, उरलेलं भंगार निघालं होतं. गौतमचं बोलणं तोवर जड झालं होतं, तरी त्यानं मला पाठवलं. "जुना बार मिळतोय का बघ. दोन्ही शेजारी ठेवू." मी गेलो. सील तोडलेल्या व्यायामशाळेतून भंगारवाल्याची माणसं सामान ओढून आणत होती आणि गेटवरच्या त्याच काट्यावर टाकत होती. बार पडला तो आवाज मी ओळखला. माणसानं आकडा ओरडून सांगितला, "सत्तावीस!" मी म्हणालो, परत टाका. त्यानं वैतागून परत टाकला. सत्तावीस. भंगारवाला सुटं काही द्यायला तयार होईना, आणि खरं सांगतो, मीही फार ओढून धरलं नाही. आमचं सगळं तरुणपण त्या काट्यापासून हाकेच्या अंतरावर गेलं होतं.

गौतमशी मी कधी खोटं बोललो नव्हतो आणि त्याला ते लगेच कळलं असतं. वहिनी पाण्याला गेल्या होत्या. मी खाटेवर बसलो आणि आकडा सांगितला. तो आधी हसला, घशातल्या घशात. "म्हंजी... बीडातले दुकानदार खरं बोलत हुते." त्याचं डोकं चालू होतं, डोळ्यांत दिसत होतं. "विभागाला... पाचनं गेलो. सातचा फरक हुता हितं. गिरणीत सात जादाच उचलत हुतो." मग म्हणाला, "राज्याला गेलो असतो बे मी." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला त्याचा हात उठत नव्हता, मी पुसलं. मला वाटलं, इथंच थांबू दे, याच्यापुढं त्याचं डोकं न जावो. पण ते लख्ख होतं. बऱ्याच वेळानं त्यानं समोरच्या बाराकडं बघितलं, मग छातीवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडं. "मंग ह्यो खरा वीसचा, गिरणीच्याइतका जड कावून लागला... त्या दिशी दुकानात माझा हात गेल्याला हुता. आन मी पेढे वाटले." वहिनी हंडा घेऊन आत आल्या तेव्हा मी उठून तो उतरवून घेतला; त्यांच्या कानावर यातलं काही गेलं नाही. याच्यावर तो पुन्हा कधी बोलला नाही. हळूहळू बोलणंही गेलं.

मी शिक्षक आहे, पोरांना सांगतो की कष्टाचं फळ मिळतं. आता ते वाक्य तोंडातून निघत नाही. एका माणसाला स्वतःची ताकद किती हे तेव्हा कळावं जेव्हा त्याला डोळे पुसता येत नाहीत, यातून कुणाला काय शिकवायचं? धोंडीमामा केव्हाच गेले. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, आणि कुणाला तरी द्यावासा वाटतो.

मागच्या रविवारी गेलो होतो. खाट काढली आहे. बार मात्र वहिनींनी परत घोड्यांवर ठेवून घेतला आहे आणि मशीनच्या तेलाचा बोळा त्यावरून फिरवतात, गौतम फिरवायचा तसा. गौतमच्या हातांनी काळवंडलेल्या पकडीच्या दोन जागा सोडून बाकी सगळा बार नव्यासारखा चकचकीत. चहा देताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक इचारू? ह्या बारासाठी तुमी दोघं लई हिंडलात. ह्यो खरंच वीसचा हाय का? का शेवटाला फसवलंच त्यांना?" मी म्हणालो, वीसचाच आहे वहिनी. त्यांना ते पुरेना. मग शेजारच्या किराणा दुकानातून काटा आणला, पत्र्याच्या खोलीत मांडला, आणि मी बार त्यावर ठेवला. वहिनी वाकून आकड्याकडं बघत राहिल्या. "वीस," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं. "मंजी शेवटी बराबर घेतला म्हना त्यांनी."

"हो वहिनी," मी म्हणालो. "बरोबर घेतला." आणि बार उचलून जागेवर ठेवला.