सात नंबरचं दार

कंडक्टर आप्पांना लग्नाचं आमंत्रण कुणी देत नसे, आणि ते आले नाहीत असं बीडमधलं एकही लग्न मला आठवत नाही. आमच्याकडे मुहूर्त टळला तरी चालतो, पण पुढारी आशीर्वाद द्यायला आल्याशिवाय मंगलाष्टका सुरू होत नाहीत. ती मधली वेळ आप्पांची. एसटीतून रिटायर झालेला हा माणूस सरळ माईक हातात घ्यायचा. "सायेब कपिलधारच्या कमानीपाशी आलेत. तवर एक दार कोण देतंय?"

दार खोल्यांसाठी. गावाकडून येऊन धुणीभांडी करणाऱ्या, डबे करणाऱ्या एकट्या बायकांसाठी आप्पांनी बारा स्वस्त भाड्याच्या खोल्या बांधायला काढल्या होत्या. पैशाला ते हात लावत नसत. विटा द्या, पत्रे द्या, दार द्या. दार देणाऱ्याचं नाव त्या दारावर ऑइलपेंटने. संडासाच्या दारांना मात्र दाता मिळेना. शेवटी एका माजी सरपंचांनी दोन्ही दिली, विरोधकांची नावं टाकायच्या अटीवर. आप्पांनी दारं घेतली आणि अट विसरले.

बायका राहायला आल्या, की त्यांचं रेशनकार्ड, पोरांचे दाखले, दवाखाना, सगळीकडे आप्पा पुढे. "खोली दिली म्हंजी तिकीट फाडलं. उतरंपर्यंत जबाबदारी कंडक्टरची."

आता माझं सांगतो. मेहुणीच्या लग्नात, सासरच्या सगळ्यांसमोर मी हात वर केला. "एक दार माझं!"

"जोरात, सर! मागं ऐकू न्हाई गेलं."

मी ओरडलो. टाळ्या पडल्या. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माझा कोचिंग क्लास बरा चालायचा. एक दार जड नव्हतं. पण टाळ्या मिळाल्यावर दार द्यायची निकडच उरली नाही.

आप्पांनी कधी तगादा लावला नाही. एका रविवारी घरी आले, तेव्हा मी बायकोला "नाहीत" म्हणायला लावलं आणि दाराआड श्वास रोखून उभा राहिलो. आप्पांनी बोटाने दार वाजवून पाहिलं. "वैनी, दार लई भारी हाय. सागवानी. आत मानूस उभा असला तरी कळत न्हाई."

अकरा खोल्या भरल्या. माझ्या दारावाचून सात नंबर उघडीच. तिथे राहायला येणार असलेली लक्ष्मीबाई तरण्या लेकीला घेऊन नातेवाइकाच्या जिन्याखाली झोपत होती. बिनदाराच्या खोलीत लेक ठेवणार कशी? हे मला ठाऊक होतं. तरी मी गेलो नाही.

खोल्यांच्या वास्तुशांतीचं बोलावणं आलं. पाहतो तर सात नंबरला दार. जुनंच, पण वर निळा रंग आणि माझं ठळक नाव. वाटलं, म्हातारा घोटाळला, भलत्याचं दार माझ्या नावावर गेलं. मी सत्काराची टॉवेल-टोपी घेतली, नारळ घेतला. घरी त्या नारळाची चटणीही खाल्ली.

पुढे आप्पा आजारी पडले. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो, आणि वाजवायला दारच नव्हतं. चौकटीला बिजागऱ्या तेवढ्या होत्या, आणि सत्कारात मिळालेले टॉवेल जोडून शिवलेला पडदा.

"या सर, वाजवायची गरज न्हाई," आतून आवाज आला. "मांजर येती तेवढी. चोर न्हाई येत. तो दार बघून घर निवडतो."

"आप्पा, माझं चुकलं."

"चुकलं कावून? तुमची शीट रुमाल टाकून धरली व्हती. उशिरा का व्हईना, चढलात न्हवं?"

दुसऱ्याच दिवशी मी नवं दार नेलं. त्यांनी ते अंगणातूनच तेराव्या खोलीला पाठवलं. तेरावी खोली नव्हतीच. ती मग मला बांधावी लागली. आप्पा गेले ते त्या पडद्यामागेच.

त्यांचे दिवस झाल्यावर मी रॉकेलचा बोळा घेऊन सात नंबरवर गेलो. नाव पुसायला लागलो, तर लक्ष्मीबाईने हात धरला.

"बाई, हे दार आप्पांचं आहे. माझं नाही."

"ठावं हाय की. येका बाजूनं मीच उचलून आणलं व्हतं."

सत्काराच्या दिवशी हीच बाई माझ्या पाया पडली होती.

"पुसू नका, सर. गॅसच्या टाकीवाला, पोस्टमन, लेकीच्या सासरचे, समदे ह्याच नावावर येत्यात. पत्ता हाय तो आमचा."

मी बोळा खिशात घातला. आजही कुणी "सरांचं दार कुठंय?" विचारलं, की लोक सात नंबर दाखवतात. माझं सागवानी दार दोन गल्ल्या पलीकडे आहे. ते कुणाला ठाऊक नाही.