समोरच्या भिंगाचा माणूस

हॉस्पिटलात तिला सगळे काचबाई म्हणायचे. पेशंटचं तोंड तिने क्वचितच बघितलं. बघायची तो काचेच्या पट्टीवरचा त्याचा तुकडा. तिचा मायक्रोस्कोप दोघांनी समोरासमोर बसून बघायचा होता. समोर नवरा बसायचा, तोही त्याच कामातला. अवघड गाठ आली की तो हटकून वाईट बाजू धरायचा. ‘कॅन्सर नाही हे पटवून दे,’ म्हणायचा आणि शेवटपर्यंत हेका सोडायचा नाही. जेवतानाही तेच. तो गेला आणि तिच्याशी भांडणारं कोणी उरलं नाही. घर खायला उठायचं.

मग तिच्याच जठराच्या भिंतीत लिंबाएवढी गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि टाके सुकायच्या आत बाई लॅबमध्ये हजर. आपल्याच गाठीच्या रिपोर्टवर आपण सही करायची नसते, म्हणून सही ज्युनिअर डॉक्टरीणबाईंची. काचबाई नवऱ्याच्या खुर्चीत बसली.

"मी म्हणते, कॅन्सरच आहे," ती म्हणाली. "पोटात अशा लांबट पेशी दिसल्या की बहुतेक वेळा तोच निघतो. नाही, हे पटवून दे."

ज्युनिअरच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, ही तुमची..."

"कोणाची का असेना. बोल."

"कडेने पांढऱ्या पेशींचं कडं आहे, साध्या गाठीला असतं तसं."

"ते कुठेही दिसतं."

"कॅन्सरच्या पेशींना चढतो तो रंग चढलाच नाही."

"रंग शिळा असेल."

"त्याच बाटलीतला रंग शेजारच्या कॅन्सरच्या तुकड्यावर चढलाय."

काचबाईचा हेका सुटेना. ज्युनिअरने दुसरी काच सरकवली. इथे मज्जातंतूच्या आवरणाच्या पेशींना चढणारा रंग होता, आणि सगळी गाठ तपकिरी झाली होती.

"मज्जातंतूच्या आवरणाची गाठ आहे ही. दुर्मिळ, पण साधी. काढली, सुटलात. मॅडम, तुम्ही हरलात."

"हरले," काचबाई म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. किती भ्याली होती ते तिचं तिलाच आता कळलं.

निकाल चांगला आला की त्याच दिवशी घरी कळवायचं, हा तिचाच दंडक. ज्युनिअरने सवयीने फोन उचलला, "घरचा नंबर?" विचारलं आणि जीभ चावली.

काचबाईने डोळे पुसत नंबर सांगितला. ज्युनिअरने फिरवला. रिकाम्या घरात घंटी वाजत राहिली.

"ठेवू का, मॅडम?"

"वाजू दे जरा," काचबाई म्हणाली. "हरला की तो फोन उचलायचाच नाही."