करंजाखालची हाक

नील, सई, वीज गेली तर आधी फ्यूज बघणारी तुमची आज्जी. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी हे सगळ्या वाचकांसमोर लिहिते आहे... कुणाला उलगडा झाला तर हवाच आहे.

चिंचवडगावात आमच्या सोसायटीमागे, पवनेच्या काठी एक करंज आहे. खाली सिमेंटचा बाक. सकाळी सातला रस्त्यावर चाकणला निघालेल्या कंपन्यांच्या बसेस हॉर्न वाजवत असतात, पण बाकावर बसलं की तांबट पक्ष्याची टुकटुक तेवढी कानात राहते. तिथे मी फोन बंद करून अर्धा तास बसते. दिवसातला तेवढाच वेळ माझा.

मागच्या जूनमधली गोष्ट. तांबट मध्येच थांबला. बसेसही ऐकू येईनात. आणि नदीकडून नीलचा आवाज आला — "आज्जी! फणसपोळी!"

हा आमचा घरचा गुप्त शब्द. हल्ली फोनवर नातवंडांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून पैसे उकळतात, म्हणून ओळख पटवायला तुमच्या बाबाने व्हँकुव्हरहून तो ठरवला होता. आपल्या पाच जणांशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

मला संशय आला तो चोरांचाच. नदी जलपर्णीने गच्च भरलेली, तिथून मुलाची हाक कशी येईल? मी बाकाखाली, फांद्यांत, झुडपांत छोटा स्पीकर शोधू लागले.

शेजारच्या शैलाताई फेऱ्या मारत होत्या. "काय हो मालतीताई, झाडावर काय हरवलं?"

"आत्ता कुणा मुलाची हाक ऐकलीत?"

"छे! आणि हे लेकाला सांगू नका हं. आईला आवाज ऐकू येतात म्हटल्यावर बाक सुटला, थेट व्हँकुव्हर!"

मला हसू आलं नाही. शब्द बरोबर होता ना... फोन चालू करून तुमच्या आईला लावला. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ.

"आई, आत्ता? आम्ही तळ्यावर आलोय —"

"मुग्धा, नील कुठे आहे?"

"हा काय, सईबरोबर पाण्यात..." ती थांबली. "सई, तू इथे? नील कुठाय?"

तिचा फोन दगडावर आपटला. मग तिची किंकाळी, बाबाच्या धावण्याचा आवाज, आणि कितीतरी वेळ नुसतं पाणी.

नील पोहण्याच्या हद्दीला बांधलेल्या दोरीपलीकडे खोलात गेला होता. बाबाने ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मी विचारलं, "नील, तू मला हाक मारलीस का रे?"

तू म्हणालास, "कशी मारणार आज्जी? तोंडात पाणी होतं."

योगायोग म्हणावा, तर त्या शब्दाचं काय? आणि कुणी शब्द चोरला असेल, तर पैसे का नाही मागितले? मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

शब्द आपण बदलला. नवा अर्थातच इथे लिहीत नाही. बाकावर मी रोज बसते, फोन आता चालू ठेवून. पण तांबट थांबला की मी फोनकडे बघत नाही... नदीकडे बघते.