गवत पेरणारा

साखळी गावातल्या आमच्या घरापुढच्या लॉनमध्ये गवतापेक्षा रानच जास्त माजलं होतं. गणपतीच्या चवथीनंतर मुलीचा साखरपुडा तिथंच करायचा होता. म्हणून नाक्यावरून एका कामगाराला आणलं. कोल्हापूरकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. "हे साफ करा, मग नवं बी पेरू," एवढं सांगून मी आत गेले.

दुपारी येऊन बघते तर गवत मुळासकट उपटलेलं, आणि टायकिळ्याची रानटी रोपं मात्र राखून त्यांच्या बुडाला मातीसुद्धा लावलेली!

"अहो, हे काय केलंत?"

"गवत काढलं की सगळं, ताई. ही भाजी हाय, म्हणून ठेवली."

मी पणजीहून आणलेली पुडी त्याच्यापुढे धरली. त्यानं बी तळहातावर पसरलं, बोटानं चाळवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"गवताचं बी? इकत आनलंसा?"

रागवावं की हसावं, मला कळेना. तोही गोंधळलेलाच.

"जलमभर गवत काढत आलो, ताई. पेरायला हात कसा उचलायचा?"

तरी टायकिळा खुडून त्यानं माझ्या हाती दिला आणि भाताच्या रोपांचा तरवा पेरावा तसं हलक्या हातानं बी पेरलं. मग कामावर जाता-येता रोज फाटकातून डोकावून जाई.

कोंब दिसले त्या सकाळी मी खुशीत बाहेर आले. तो लॉनच्या काठाला उकिडवा बसला होता.

"उगवलं हो तुमचं गवत!"

तो कोंबांकडेच बघत होता. पुढे जाऊ पाहणारा उजवा हात त्यानं डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला होता.