शिंगं साळल्यासारखी गिटार

मल्हारी मिस्त्रीचं दुकान नाशकात, भद्रकालीत. धंदा भजनातल्या पेट्या दुरुस्त करायचा, पण मुंबईचे शौकीन शेठ त्याला ओळखायचे ते जुन्या गिटारींसाठी. देवळाली कॅम्पातले गोरे साहेब जाताना माळ्याला, खानसाम्याला असल्या वस्तू देऊन गेलेले. त्यातली कोणती खरी जुनी, कोणती मोलाची, हे मल्हारीनं सांगायचं. दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला इवलासा आरसा तो गिटारीच्या भोकातून आत घालायचा, बॅटरी मारायचा आणि लाकूड बघत बसायचा. बहुतेक वेळा मान हलवून उठायचा. मला म्हणायचा, "घरोघर जाऊन माणसांची आशा मोडायची. थकलो रे गेणू."

आमच्या लहवितात पुंजाकडं एक गिटार होती, त्याचा बाप बंगल्यावर माळी होता तेव्हाची. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पुंजाच्या जोडीतला एक बैल गेला. मिरगाच्या आधी दुसरा आणायचा तर विकायला घरात तेवढीच एक वस्तू. मीच मल्हारीला घेऊन गेलो. माळ्यावरची धूळभरली गिटार त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिली, आरसा घातला, आणि कधी नव्हे तो हसला. म्हणाला, "पुंजा, बैल आला समज. रविवारी शेठला आणतो."

रविवारी आम्ही तिघं गेलो, तर गिटार घोंगडीवर मांडलेली, लालभडक! पुंजानं काचेच्या तुकड्यानं जुनं वार्निस खरवडून दाराचा उरलेला ऑइलपेंट दिला होता, मानेला गोंडा बांधला होता. बाजारात न्यायच्या आधी बैलाची शिंगं साळून रंगवतात, तसंच. आमच्यात कुणीही हेच केलं असतं.

शेठनं मल्हारीकडं पाहिलं. मल्हारीच्या शब्दावरच तो घेणार होता. रंग निघेल म्हटलं असतं तर सौदा झालाही असता. पुंजाची बायको लंकाबाई चहा घेऊन दारातच थांबली. मल्हारीनं सवयीनं आरसा आत घातला, काढला, धोतराला पुसला.

"आतून तीच आहे शेठ. पण वरचं जुनं अंग खरवडून गेलं, मोल त्याचंच. घेऊ नका."

शेठ चहा पिऊन गेला. पुंजा म्हणाला, "मिस्त्री, रंगवलेल्या बैलाला कुणी कमी देत नाय."

"शिंग परत वाढतं पुंजा. हे लाकूड वाढत नाही."

सायकलच्या कॅरेजवर बसवून मी मल्हारीला कॅम्पापर्यंत सोडला. वाटेत त्यानं विचारलं, तुझे बैल किती? म्हटलं, एकच, आणि तो कुणाशी जुळत नाही, लय मारकुटा. "मग पुंजाचा तरी कुठं दुकटा आहे?" पाठीमागून तो म्हणाला.

त्यानंतर कुणाच्याही घरी गेला की उंबऱ्यातूनच सांगायचा, धूळसुद्धा पुसू नका. लोकांना वाटायचं, म्हातारा रागावलाय.

मिरगाला पुंजानं आणि मी सावडीनं पेरलं, एक बैल त्याचा, एक माझा. गिटारीचा गोंडा सोडून त्यानं माझ्या मारकुट्याच्या गळ्यात बांधला. पेरणी निम्म्या वावरात वाकडी झाली. पण उगवली!