जे वनं ते लिखं

"जे वनं ते लिखं, सर." वही माझ्यापुढं सरकवायची, पेन कानावर खोचायचं आणि हे वाक्य टाकायचं. जे आलं ते लिहिलं. पुढचं तुमचं तुम्ही बघा. आप्पांची ही रोजची तऱ्हा.

आप्पा तळोद्याजवळच्या आमच्या लहानशा कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर. परिचर कसा असतो, तुम्हाला ठाऊक आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत लंबक हलवून हलवून पोरगं घामाघूम झालं की तो मागून जातो आणि खोकल्यासारखं 'नऊ पॉइंट आठ' म्हणतो. आमच्या भागात गुरुत्वाकर्षण असंच टिकून आहे. आमचे आप्पा मात्र खोकतच नसत.

"पोरं नापास होतील, आप्पा!"

"मंग लंबकले सांगा ना नीट हालाले."

दूरच्या एका संशोधन संस्थेनं आमच्याकडे मोजणीचं यंत्र ठेवलं होतं. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे बारीक कण सतत आपल्या अंगावर पडतात, तुमच्या-माझ्या आरपार जातात आणि चहासुद्धा मागत नाहीत. यंत्र ते मोजायचं. रोज सकाळी दहाला आप्पा आकडा उतरवायचे, शेजारी हवेचा दाब लिहायचे, कारण दाब वाढला की कण कमी येतात. महिन्याचा तक्ता मी पाठवायचो. यंत्राला ते कुणाला बोट लावू देत नसत. वीस वर्षं टेबलं पुसल्यावर पहिल्यांदाच त्यांच्या हातचं काहीतरी तालुक्याबाहेर जात होतं.

एका उन्हाळ्यात आकडा एकदम घसरला. पुढचे तीन दिवसही तसाच.

"आप्पा, चष्म्याचा नंबर वाढला का?"

"चष्मा ठीक शे, यंत्र ठीक शे, दाब कालना इतलाच शे. कमीच येई ऱ्हायनात, त्याले मी काय करू?"

आता माझी अक्कल बघा. सूर्य खवळला की तिकडून निघालेला चुंबकी लोट हे कण वाटेतच हटवतो आणि पृथ्वीवर ते कमी पोचतात, हा धडा शिकवायचं काम माझंच. पण परीक्षेला येत नाही म्हणून मी तो दरवर्षी गाळायचो. मला वाटलं, यंत्र बिघडलं, आता संस्था ते उचलून नेणार. मग जन्मभराच्या सवयीनं मी रीडिंग जुळवलं. घसरलेले चार दिवस सरासरीला आणून बसवले आणि तक्ता पाठवून दिला.

आप्पांनी तो पाहिला होता. "सर, आकडाले शिकाडू नका," एवढंच म्हणाले. दोन दिवस त्यांनी वही माझ्यापुढं सरकवलीच नाही.

पंधरवड्यानं संस्थेच्या बाई स्वतः आल्या. सूर्यावर मोठं वादळ झालं होतं. सगळ्या केंद्रांचे आकडे खाली गेले होते, आमचे तेवढे ताठ उभे. "वही कोण लिहितं? न बघताच आकडे टाकलेले दिसतात," बाई म्हणाल्या. "यंत्र दुसरीकडे हलवावं लागेल."

सगळे आप्पांकडे बघायला लागले. आणि मी? मी खिडकीबाहेरचं निंबाचं झाड पहिल्यांदाच दिसल्यासारखा बघत बसलो.

आप्पांनी माझं नाव घेतलं नाही. वही उघडून बाईंसमोर ठेवली. चारही दिवस घसरलेले, जसेच्या तसे. बाईंनी शेजारी माझा तक्ता धरला. तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

"आकडे मी बदलले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पाच मध्ये पडले, "बाई, सूर्य आंगन झाडी ऱ्हायंता, मंग कचरा कमीच पडी ना!" बाई हसल्या. यंत्र राहिलं.

पुढं आप्पा निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी गेले. संस्थेचा छापील अहवाल त्यानंतर आला. तो घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पानं उलटीपालटी केली.

"यामा त्यासनं नाव कोठे शे?"

नाव नव्हतं. मी आलेखातली एकदम खाली गेलेली रेघ दाखवली. "हा खड्डा आप्पांचा, काकू. त्यांनी जपला म्हणून छापला गेला."

"जनमभर खरं लिखं त्या मानूसनी," काकू म्हणाल्या, "आन तुम्ही त्यासना नाववर खड्डाच दिधा?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांचं बोट रेघेवरून घसरत पानाच्या तळाशी, केंद्राच्या नावाखाली येऊन थांबलं.

"आन हाई नाव कोनं शे?"

"माझं," मी म्हणालो, आणि मला काकूंकडे बघवेना.